त्रेचाळिसावी पायरी

काडेपेटीएवढा कॅमेरा, छातीवर पट्ट्यात बसवलेला.
कॉलेज रोडचा दुकानदार म्हणाला होता,
सगळं दिसेल साहेब, काही म्हणजे काही सुटणार नाही.

आलं काय?
दगड.
सव्वीस मिनिटं दगड.

हरिहरच्या उभ्या पायऱ्या चढताना
तोंड कातळाकडे असतं आणि पाठ जगाकडे,
हे त्या काडेपेटीला कोण सांगणार.
ब्रह्मगिरी मागे, वैतरणेचं पाणी मागे,
निरगुडपाड्यातला चुलींचा धूर मागे,
मार्गशीर्षातलं ते स्वच्छ, धुतलेलं ऊन
सगळंच्या सगळं माझ्या पाठपिशवीला दिसलं.
छातीला दिसला वीतभर अंतरावरचा काळा खरबरीत दगड,
त्यावर वाळून पिवळं पडलेलं शेवाळ,
एक मुंगळा, जो माझ्यापेक्षा लवकर वर गेला,
आणि दोन्ही हातांना खोबण्या,
घागर ठेवून ठेवून जमिनीला खळगा पडावा
तशा बोटांनी गुळगुळीत झालेल्या.

आवाज मात्र चोख आला आहे.
वारा पोतं टरकावल्यासारखा.
मधे कुणीतरी करवत चालवतंय असं वाटलं,
तो माझा श्वास निघाला.
आणि त्रेचाळिसाव्या पायरीवर
(मी मोजल्या. सातपूरच्या कारखान्यात नग तपासतो मी,
मोजल्याशिवाय राहवत नाही)
एक बारीक, ओला आवाज येतो:
मला नाही जमणार. मला खाली घ्या.

ग्रुपवर मी लिहिलं होतं,
तिथे मागच्यांसाठी जरा थांबलो.

म्हटलं, एवढं कापून टाकू.
साडेचार सेकंद. कोणाला कळतंय.
कुठून कापायचं ते नेमकं सापडावं म्हणून
एकेक चित्र पुढे ढकलत गेलो,
रात्री साडेबाराला, घरातले सगळे निजल्यावर.

मी तेव्हा डोळे मिटले होते.
छातीवरच्या डोळ्याला पापणी नाही.
मी आक्रसलो, पोक काढलं, तसा तो खाली वळला
आणि त्याला दिसला माझा डावा बूट,
शिवणयंत्राच्या सुईसारखा थरथरणारा, अर्धा हवेत,
आणि त्या बुटाखाली
एक तळवा.

मनगटाला शिट्टीची दोरी गुंडाळलेली.
गांगुर्डे मॅडम. मखमलाबादच्या शाळेत
खेळ शिकवतात, दोन वर्षांनी निवृत्त होतील.
त्या माझी टाच धरतात,
हट्टी पोराचा पाय चपलेत घालावा तशी
ती खोबणीत बसवतात,
आणि दाबून ठेवतात.
एक मिनिट अकरा सेकंद.
त्यांचा दुसरा हात कुठे होता, कशाला धरून होता,
ते चित्रात नाही. मी सात वेळा पाहिलं.

मला काही कळलं नव्हतं.
बूट जाड होता, भीती त्याहून जाड.
खाली उतरल्यावर पाड्यातल्या टपरीवर
चहा पिता पिता मी सगळ्यांना सांगत होतो,
त्रेचाळिसाव्या पायरीची खोबण काय कोरली आहे!
पाय असा बसतो ना, हलतच नाही!
आणि मॅडम टोस्ट बुडवत म्हणाल्या,
हो, जुनी माणसं कामाला पक्की.

दरवाजाशी पोहोचलो तिथेच बॅटरी संपली आहे.
शिखर त्यात नाहीच.
माथ्यावर मी दोन्ही हात पसरून उभा राहिलो होतो,
ते कुठेही नोंदलेलं नाही.

कापलं नाही मग. पाठवलंही नाही कोणाला.
ते साडेचार सेकंद कापले असते
तर तळवाही गेला असता, एकाच तुकड्यात होते दोघं.

येत्या रविवारी अंजनेरी आहे.
मॅडमना फोन केला, म्हटलं, या खेपेला
कॅमेरा तुम्ही बांधा.
पलीकडे मुलं ओरडत होती, चेंडूचे टप्पे ऐकू येत होते.
मला कशाला? त्या म्हणाल्या.
मला पुढच्याच्या टाचेशिवाय
दिसतं काय?