हवा, ३.१२

टाम्पेरेत बाहेर उणे बावीस.
आत, लोखंडी कपाटाएवढ्या पेटीत, सदतीस.
ताप नसलेल्या अंगाइतकं.

इर्मेली चिप उजेडात धरते:
नखाएवढं पारदर्शक सिलिकॉन,
त्यात केसाहून बारीक पाट.
"यातून दिवसभरात किती जातं?
चमचासुद्धा भरत नाही."
त्या न भरलेल्या चमच्यावर
एकशे चौदा नंबरच्या माणसाचं काळीज
छातीवाचून धडधडतं.

नाव कुणालाच ठाऊक नाही.
दंडावरचा मुगाच्या डाळीएवढा कातडीचा कपटा;
त्याला आधी स्वतःचं वय विसरायला लावलं,
मग काळीज व्हायला शिकवलं.
कसं, ते तिनं मला तीनदा सांगितलंय.
तिन्ही वेळा मी मान हलवली.

पेशींचं मागणं फार नसतं.
ऊब, साखर,
आणि अंगावरून जाणारं पाणी,
इतकं हळू की वाहतंय हे कळू नये.
रात्रभर पंपापाशी बसायचं,
दारं धरल्यासारखं,
फक्त चिखल नाही, कंदील नाही,
आणि शेत डोळ्यांना दिसत नाही.

तीन वाजून बारा मिनिटांनी
पाटात बुडबुडा शिरला.
नळी मी बदलली होती. घाईत.
भिंगाखाली तो रोडरोलरसारखा आला,
गोल, चकचकीत, निरागस,
आणि मागे नुसती काच.

इर्मेली ओरडली नाही.
तिनं कॉफी ओतली, आधी मला.
मग नळीवर नखानं टिचकी मारत म्हणाली,
"वहीत लिही: हवा, ३.१२.
चूक कुणाची ते नको.
एकतीस वर्षं मी हवाच लिहितेय."

पाट वळतो त्या कोपऱ्यात
एक झुबका अडकून राहिलेला.
स्तब्ध.
तिनं पंप आणखी मंद केला.
आम्ही आळीपाळीनं डोळा लावत राहिलो.
मग
एक.
बराच वेळ काही नाही.
कॉफी निवली.
एक.

सकाळी ट्राममध्ये, दांडीला धरून उभ्या
एका म्हाताऱ्यानं जाड कोटावरूनच
डावा दंड चोळला.
मी उठून जागा दिली.
त्यानं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं,
नको म्हणाला,
पुढच्याच थांब्याला उतरायचंय.