ई की ए

वसमत रोडला, झेरॉक्सच्या मागच्या खोलीत
मी दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करते.
अकरा वर्षं झाली. पानाला बारा रुपये, तक्ता असेल तर अठरा.
वाचत नाही. बोटांना वाचायची गरज पडत नाही.

इशरत मॅडमचा विषय बारवा.
जिंतूरच्या कॉलेजात शिकवतात, शनिवारच्या एसटीनं येतात,
कागदांच्या घडीत बारवेची माती.
त्यांच्या अक्षरात एक शब्द परत परत यायचा: एक्स्टंट.
मला वाटलं, बाई घाईत ई च्या जागी ए काढतात.
एक्स्टेंट मला ठाऊक होता,
बारावीला इंग्रजीत बासष्ट होते मला.
फाइंड-रिप्लेस मारलं,
एकाहत्तर जागी,
आणि उपकार केल्यासारखी चहा प्यायला गेले.

मॅडम आल्या. रागावल्या नाहीत.
स्टूल ओढून बसल्या नि म्हणाल्या,
रेणुकाताई, तुमचा तो शब्द पसाऱ्याचा.
किती लांब, किती रुंद, कुठवर.
माझा उरण्याचा.

मी म्हणलं, म्हणजे 'आहे' तेच की.
मग आपलं बसस्टँड एक्स्टंट?
नाही हो, ते नुसतं आहे.
हे दुकान?
नाही.
कामून नाही?

त्यांनी काउंटरच्या काचेवर, धुळीत,
बोटानं दहा रेघा ओढल्या
नि तळव्यानं सात पुसल्या.
या तीन, म्हणाल्या. आता म्हणा.

म्हणजे आधी काहीतरी जावं लागतं,
मग हा शब्द लागू होतो.

मग माझी मावशी, मी म्हणलं,
सहा बहिणींतली एकटीच आता...
त्या जरा थांबल्या.
माणसांना नाही लावत, म्हणाल्या.
पोथ्यांना, वास्तूंना, फार तर जनावरांच्या जातींना.
अशा माणसाला तुम्ही काय म्हणता?
मी म्हणलं, मावशीच म्हणतो.

दुरुस्तीला बसले तेव्हा कळलं,
उलटं रिप्लेस चालणार नाही.
मॅडमचे अस्सल एक्स्टेंटही होते मधे मधे,
पडझड किती, गाळ कुठवर,
आता माझ्या एकाहत्तरांत मिसळून गेलेले.
म्हणजे प्रत्येक जागी थांबायचं,
वाक्य मागून पुढून बघायचं,
पसारा, की उरलेलं?
अकरा वर्षांत पहिल्यांदा
मी टाइप केलेलं वाचलं.

रात्री साडेदहा. परिशिष्ट तीन, ओळ चौदा.
माझ्या माहेरचं गाव.
बारव: नो लाँगर एक्स्टंट.
इथं ए च हवा होता, त्यात शंका नव्हती.
मी ए केला.
आणि पुढच्या ओळीवर जाता येईना.

मॅडम, झोपलात का?
बुजवली हे खरं. वर सभामंडप झालाय,
नारळ फुटताना मी तिथंच होते.
पण मंडपाच्या मागं, हातपंपापाशी
चार पायऱ्या राहिल्यात.
बायका त्यावर गोधड्या आपटतात.
मी पण आपटल्यात.
एका पायरीला कमळ आहे, अर्धं झिजलेलं,
त्याच्या खोलगटात आम्ही साबण ठेवायचो.

पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग: फोटो मिळेल?

भावानं सकाळी पाठवला.
पायऱ्या ओल्या, फेस अजून न विरलेला,
कडेला कुणाची तरी जोडव्याची बोटं.

मी दोन शब्द खोडले, एक घातला:
पार्शली एक्स्टंट.
ई नाही, ए. तीनदा बघितलं.

तक्त्याचं पान होतं ते, अठराचं.
हिशोबात धरलं नाही.