रुपये दोनशे बहात्तर फक्त

खिडकी क्रमांक चारमधून
एक पाकीट माझ्याकडे सरकलं.
कै. कु. कमळ द्वारकानाथ धैर्यवान पारितोषिक,
प्राणिशास्त्र, तृतीय वर्ष, विद्यापीठात पहिली.
आत चेक. रुपये दोनशे बहात्तर फक्त.
शिक्का नेमका त्या 'फक्त'वर बसला होता.

"व्याजावर चालतं हे," कारकूनबाई म्हणाल्या,
"मुद्दलाला कुणी हात लावत नाही."
रजिस्टरवरचा चहाचा पेला त्यांनी उचलला,
तर खाली ओला गोल
आणि गोलात सन एकोणीसशे एकावन्न:
वडिलांनी मुलीच्या नावे ठेवलेले चार हजार,
खाली एकच अट, टाकाच्या वळणदार अक्षरात,
आकृत्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातच्या असाव्यात.

कमळ कधी गेली, कशानं,
त्याला रकाना नव्हता.

मी अडले होते प्रमाणपत्राच्या तिसऱ्या ओळीत.
दर्शिता वैद्य.
"वैती आहे," मी म्हटलं.
"वैद्य काय वाईट आहे?" त्या हसल्या.
मनात काही नव्हतं त्यांच्या, खरंच,
विद्यापीठात पहिली म्हटल्यावर
हात आपोआप तिकडे वळला असणार.
"तराजूतला त," मी म्हटलं, "दुसरी वेलांटी."
पांढरा थेंब, एक फुंकर, निळं पेन.

बाबा महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात.
सत्तावीस वर्षं लोकांच्या टाक्या उघडून बघतायत.
शिडी, टॉर्च, पांढरी पळी.
दारं उघडणाऱ्यांना वाटतं
पाणी कापायला आलाय.
सहावीत होते मी,
परळला एका चाळीच्या गच्चीवर
त्यांनी पळी माझ्या नाकाशी आणली.
"ही बघ, पाण्याला समांतर पडून श्वास घेते,
ती ॲनोफिलिस.
ही डोकं खाली करून लटकलीय, ती वेगळी.
सावली पाडू नकोस, बुडतात."
मी मान मागे घेतली, श्वाससुद्धा.

पहिली आकृती विजेच्या बिलाच्या पाठीवर.
तीच नऊ वर्षांनी जर्नलमध्ये,
आणि बाईंचा लाल शेरा:
पुस्तकात असं नाही. पण बरोबर आहे.

संध्याकाळी बाबांनी चेक उलटा करून पाहिला,
मग सुलटा.
"कोण होती ही?"
"माहीत नाही."
"कशानं गेली?"
"लिहिलेलं नाही."
ताटातला भात तसाच राहिला थोडा वेळ.
"हिवताप असेल. तेव्हा गिरगावात
घरोघर विहिरी, सगळ्या उघड्या."
हे त्यांचं नेहमीचं.
कुणीही गेलं
की बाबा आधी पाणी शोधतात.

मला विहीर दिसत नाही.
मला ती अट दिसते.
बँकेत पैसे ठेवायला निघालेल्या बापाला
ऐन दुःखात आकृत्या कशा सुचतील?
ती अट तिचीच.
बेडकाच्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून
गिरवणाऱ्या कुणा मैत्रिणीवर
ती चांगलीच भडकली असेल एकदा,
घरी येऊन जेवताना सांगितलं असेल,
आणि बापानं ऐकल्यासारखं केलं असेल,
जसं सगळेच करतात.
ऐकलं होतं मात्र त्यानं.

चेक अजून वटवलेला नाही.
तीन महिन्यांनी तो आपोआप मरेल,
मग दोनशे बहात्तर कुठे जातील
हे खिडकी चारला विचारायला हवं.

प्रमाणपत्र ट्यूबलाइटसमोर धरलं
तर वैतीच्या खालून वैद्य दिसतो,
पाण्याखाली थांबल्यासारखा.
"फ्रेम करताना पाठीला काळा पुठ्ठा लाव,"
बाबा म्हणाले, शिडीची दोरी आवळत,
"उजेड आला नाही की झालं."

पुठ्ठा आणलाय.
लावलेला नाही.