चाक उचलून बघू

थंडीनं जड झालंय, असं मी महिनाभर म्हणत होते.
निफाडच्या थंडीवर काहीही ढकलता येतं.
पण दुपारी बाराच्या उन्हातसुद्धा
ओळीच्या टोकाला वळताना
स्टिअरिंगला अक्षरशः लोंबकळावं लागायचं,
आणि परवा ब्लोअर अँगलला घासून
थॉमसनच्या तीन वेली आडव्या.

सुकेण्याहून दगू मिस्त्री आला, लुनावर,
पान्यांची पिशवी पायांत धरून.
टायरला अंगठा लावला. हवा होती.
स्टिअरिंग बॉक्सच्या तेलात बोट बुडवलं,
फोडणी जळली का बघावी तसं हुंगलं.
बरंय, म्हणाला.
मी मनात बॉक्सचे दहा हजार मोजून ठेवलेले.

"चाक उचलून बघू."

एक्सलखाली जॅक, जॅकखाली फळीचा तुकडा.
पुढची दोन्ही चाकं अधांतरी.
"फिरवा, ताई."
फिरवलं. तेवढंच जड.

मग त्यानं लिंकचा नट सोडला,
भांडणातल्या दोघांना
वेगवेगळं बसवून विचारावं तसं
स्टिअरिंग एकीकडे, चाकं एकीकडे.
"आता?"
आता एका बोटानं फिरलं, गरगर.
उगाच संशय घेतला होता बॉक्सवर.

चाकांमधला रॉडही काढला.
उजवं चाक गुडघ्याच्या धक्क्यानं गेलं.
डावं जागचं हललं नाही.

मिस्त्री उकिडवा बसला. चिंधीनं पुसलं, नखानं खरवडलं.
किंगपिनच्या निप्पलवर
निळ्या रंगाचा थेंब, वाळून मण्यासारखा.

"रंग कोणी दिला?"

मीच.
आरसी बुकावर माझं नाव चढलं त्या दसऱ्याला,
दोन इंची ब्रश घेऊन, एकही नट न सोडता.
तेव्हापासून दर पंधरवड्याला ग्रीस गन लावत आले.
ग्रीस बाजूनं बाहेर यायचं,
मी पुसून टाकायचे,
म्हणायचे, भरलं पोट.

पिन निघाली तेव्हा अंधारत होतं.
तिच्या अंगावर विटेचा भुगा व्हावा तसा गंज.
ती त्यानं डिझेलच्या डब्यात सोडली;
बुश उद्या पिंपळगावला मिळेल म्हणाला,
नाही मिळाला तर ओझरला.
लुनाला पायडल मारता मारता
एकदा मागे वळून बघितलं:
"रंग मात्र झकास बसलाय हो."

मी बॅटरी दातांत धरून
उरलेल्या निप्पलांवर ब्लेड फिरवत होते.
उत्तर देता आलं नाही.