स्रोत: आई

दहावी ब. खिडकीखाली मँगनीजची नदी,
काळीच, पण दोन्ही काठांना बर्फ म्हणून अधिक काळी.
मी फळ्यावर लिहिलं: माझा भावी व्यवसाय. पाच पानं.
सोमवारी कच्चं, शुक्रवारी पक्कं.
आणि खाली, खडू मोडेस्तोवर दाबून:
एका तरी जिवंत माणसाला विचारा.

सोमवारी वाजाने वाचलं,
"वैमानिक हा समाजातील अत्यंत महत्त्वाचा घटक आहे."
म्हटलं, वाजा, हे वाक्य उष्टं आहे,
ह्याला आधीच दहा जणांचे दात लागलेत.
तुझा वैमानिक किती वाजता उठतो?
संध्याकाळी त्याचं काय दुखतं?
पगार झाला की आधी कुणाचं देणं फेडतो?
वाजाने छताकडे पाहिलं. तिथे विमान नव्हतं,
गळतीचा डाग होता,
आमच्या जिल्ह्याच्या नकाशासारखा.

"म्हणे" दिसलं की मी तांबडं वर्तुळ काढते.
भरपूर पगार असतो म्हणे. परदेशात मान असतो म्हणे.
कोण म्हणे? कधी म्हणे? नाव लिहा.
दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं तर
निदान ओंजळ कुणाची ते तरी सांगा.

जाबाला दंतवैद्य व्हायचंय.
तो बसने कुतैसीला गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई
खुर्चीत बसल्याशिवाय कुणाशी बोलत नाहीत,
म्हणून एक दाढ भरून आला, आणि निम्मी वही.
उत्तरं सगळी आ वासून घेतलेली, अक्षर तिरपं.
मी ते वर्गात वाचून दाखवलं.
वर्ग हसला,
आणि मग हळूच खोडरबर निघाले.

तेकलेचा विषय परिचारिका.
तिची आई सात वर्षं इटलीत, बारी शहरात.
रोज फोन. जेवलीस का, अभ्यास झाला का, बर्फ किती.
त्या रात्री तेकलेने वही उघडून विचारलं,
आई, तू दिवसभर नेमकं काय करतेस?
तिकडे इतकं शांत झालं
की हिला वाटलं, रेंज गेली.

मग आई बोलली. तेकलेने जसंच्या तसं उतरवलंय:
"माणूस कुशीवर वळवायचा तर आधी गुडघा वाकवायचा.
खांदा ओढायचा नाही, कमरेला हात घालायचा.
एक, दोन म्हणायचं, आणि तीनच्या आधी
सांगायचं की आता तीन म्हणणार आहे.
आजीबाई मला रोज नव्या नावाने हाक मारतात.
बहीण, मोलकरीण, कधी मेलेली मुलगी.
मी सगळ्यांना ओ देते.
रविवारी दोन तास सुट्टी. समुद्रावर जाते.
पाण्यात नाही जात, बाकावर बसते.
हे नको लिहूस."
तेही लिहिलंय.

पाच पानांची नऊ झाली. तांबडं पेन घेऊन
मी दोनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या चार चुका सापडल्या,
त्या दाखवायला म्हणून तिला थांबवून घेतलं.
शेवटच्या पानावर: स्रोत: आई. फोन. रात्री ११:२०.

असं नाही चालत, तेकले. पूर्ण नाव हवं.
आडनाव आधी, मग नाव, मग व्यवसाय.

आडनाव लिहिलं. नाव लिहिलं.
"बाई, व्यवसाय काय लिहू?
इथे ती खाणीच्या प्रयोगशाळेत होती,
मातीतलं मँगनीज मोजायची.
तिथे कागदावर अजून पर्यटक आहे."

मी पेनचं टोपण लावलं. काढलं.
एकोणीस वर्षं सांगत आलेय,
रकाना रिकामा सोडू नका.
घंटा झाली, वर्ग जिन्यावरून धडधडत गेला.
ती उभीच.

"सध्या," म्हटलं, "पेन्सिलीने लिही."