पूर्ण एक मिनिट

तेहतीस वर्षं रावपुऱ्याच्या शाखेत
नोटा मोजल्या.
बोट ओल्या स्पंजवर, ओठ न हलवता,
आणि संध्याकाळी रोकड जुळायचीच.
आता मनगटावर तीन बोटं ठेवली
की हिशेब लागत नाही.
दोन ठोके घाईत, एक गायब,
मग एकदम चार,
खिडकी बंद व्हायच्या आधी घुसल्यासारखे.

डॉक्टर कापडियांनी चिठ्ठीच्या पाठीवर मांडवी काढली.
चारी कमानींतून रिक्षा, हॉर्न सगळे एकाच वेळी.
"वरच्या कप्प्यात हे असं चाललंय.
खाली उतरायला दार एकच.
ज्याला जमेल तो घुसतो."
मग पेन थांबवून म्हणाले,
"गर्दीची एवढी भीती नाही. साचण्याची आहे.
सूरसागरचा तो कोपरा पाहिलाय ना,
पाणी हलत नाही तो?"
पाहिलाय.
निर्माल्य, हिरवा थर, एक चप्पल.

हेतलबेनने छातीला वायरी चिकटवल्या,
चोवीस तासांसाठी वही दिली:
वेळ, काय करत होतात, काय वाटलं.
मी आधी रकाने आखून घेतले.
साडेअकरा. श्रीपादचा फोन, घराच्या वाटणीवरून. आवाज चढला.
(माझा. तेही लिहिलं.)
चार. दोन जिने, दुधाच्या पिशव्या.
रात्री यांच्या फोटोसमोर बसले,
ते पेन्सिलीने.

रिपोर्ट आला.
भांडताना शिस्तीत. जिन्यावर शिस्तीत.
फोटोसमोर तर शाळेतली कवायत.
बिघडलं ते दुपारी दोन चाळीसला,
सत्तेचाळीस मिनिटं.
वहीत त्या वेळेसमोर:
मटार सोलत होते. विशेष काही नाही.
मला जरा अपमानच वाटला.

आता संध्याकाळी सातला रक्त पातळ ठेवणारी गोळी.
मेथी बंद नाही, पण दर आठवड्याला तेवढीच,
एक जुडी, ना कमी ना जास्त.
भाजीवाल्या चंपाबेनला वाटतं, पेन्शन कमी झाली.
सुरी लागली तर बोट दाबून उभी राहते,
कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत.
महिन्याचा आकडा दोन ते तीनमध्ये हवा.
दोन पूर्णांक चार आला त्या दिवशी
स्वतःसाठी पावशेर लीलो चेवडो आणला.

आणि नाडी.
पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही,
हेतलबेनने बजावलंय,
तुमचं तसं चालणार नाही, पूर्ण मिनिट.
म्हणून गॅलरीत बसते, खाली दांडिया बाजार,
समोर घड्याळ,
ओठ आता हलतात.
ब्याण्णव. काल अठ्ठ्याऐंशी.
जुळत नाही.
तरी तारीख घालून
खाली सही करते.