परतीची बस

हातमोजे घालूनच वाद चालला होता
डंडी मागे पडेपर्यंत:
सगळ्यांत भिकार मैदान कोणतं?

मॉर्विन म्हणाली, खांबाचं.
नव्वद मिनिटं खांब पाहिला,
गोल पाहिला तो शेजाऱ्याच्या तोंडावर.
फर्गसला समुद्राकडचं,
चहा खारट करणारं.

आणि उत्तम?
ते नवं, मऊ खुर्च्यांचं, नळाला गरम पाणी…
"छे! तिथं शिंकायचीही चोरी."

मग कुणीतरी ड्रायव्हरला विचारलं.
एनिस. बावीस वर्षं आणतो-नेतो,
आत एकदाही गेला नाही.

"बुटक्या भिंतीचं," तो म्हणाला.
"डबा खाताखाता ऐकू येतं.
तुमच्या कोपऱ्यातून ओरडा उठला
की हीटर लावून ठेवतो."

आज बस एवढी गार का,
हे मग कुणी विचारलं नाही.